पहिल्यांदाच फाउंडेशनकडे अनुदान मागताना: लहान संस्थांसाठी वाटाड्या

गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थेचं पहिली काही वर्षं लोकांच्या देणग्यांवर भागतं. कोणी मुलाच्या वाढदिवसाला हजार रुपये देतं, कोणी वह्या आणून देतं, एखादा व्यापारी धान्याची पोती पाठवतो. काम वाढलं, चार-पाच जणांना दर महिन्याला मानधन द्यायची वेळ आली, की एवढ्यावर निभत नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘अमुक फाउंडेशनकडे प्रपोजल टाका.’ आणि संस्थेतला ज्याला बऱ्यापैकी इंग्रजी येतं तो त्याच रात्री प्रपोजल लिहायला बसतो.

घाई इथेच होते. अर्ज लिहिणं ही या प्रवासातली चौथी-पाचवी पायरी आहे. कागदपत्रं नीट नसतील, आपल्या कामाला खरोखर किती खर्च येतो हे आपल्यालाच ठाऊक नसेल, आणि ज्यांच्याकडे मागतोय ते कशासाठी पैसे देतात हे पाहिलेलं नसेल, तर सुंदर प्रपोजलही पहिल्याच चाळणीत गळतं. काम चांगलं असूनही संस्था मागे पडतात त्या बहुतेक वेळा यामुळेच, आणि ते फार वाईट वाटतं, कारण यातली प्रत्येक गोष्ट आपल्या हातातली असते.

आधी कपाटातली फाईल

महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. काही संस्था फक्त ट्रस्ट असतात, तर काही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या कंपन्या. तुमची संस्था यातली जी असेल, तिचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा ट्रस्ट डीड, पॅन कार्ड, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं एका फाईलमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर तयार ठेवा. स्कॅन वाचता येतील असे हवेत. मोबाईलवर तिरके काढलेले फोटो पाठवले की समोरच्याला पहिली शंका तिथेच येते.

या फाईलमधला सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे शेड्यूल वनचा उतारा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थेच्या विश्वस्तांची जी नोंद आहे ती त्यावर असते. एखादे विश्वस्त वारले, कोणी राजीनामा दिला, नवे आले, तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात काय होतं? बैठकीत ठराव होतो, पेढे वाटले जातात, आणि चेंज रिपोर्ट राहून जातो. पुढे फाउंडेशनचा माणूस उतारा मागतो, तेव्हा त्यावर तीन नावं अशी निघतात की एक वारलेले, एक परगावी गेलेले आणि तिसऱ्यांशी बोलणं बंद. बँकेत सह्या करणाऱ्यांची नावं मात्र वेगळीच. समोरचा विचारतो, ‘मग ही संस्था नक्की कोण चालवतं?’ चेंज रिपोर्ट दाखल केला असेल पण मंजूर व्हायचा असेल, तर दाखल केल्याची पोच आणि ठरावाची प्रत जोडा. त्यावर बहुतेक ठिकाणी अडत नाही. दाखलच केला नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी वकिलाला फोन करा.

आयकरातल्या दोन नोंदण्या लागतात. एक बारा-ए, जिच्यामुळे संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत मिळते, आणि दुसरी ऐंशी-जी, जिच्यामुळे देणगीदाराला सवलत मिळते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सगळे जण जुन्याच नावांनी बोलतात. या नोंदण्या आता कायमच्या नसतात. नव्या संस्थेला तात्पुरती नोंदणी मिळते आणि पुढे ठरावीक मुदतीची. ती मुदत कधी संपते हे कार्यालयातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा आणि सीएलाही आठवण करा. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्या. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपनीने कायद्याप्रमाणे समाजकार्यावर खर्च करायचा पैसा, हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक मिळवावा लागतो. २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

कोणाकडे मागायचं

सगळ्यांना एकच मेल पाठवू नका. पैसे देणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगळ्या डोक्याने चालतात.

पहिला प्रकार, कुटुंबांनी किंवा उद्योगपतींनी उभारलेली फाउंडेशनं. मुंबईतले टाटा ट्रस्ट्स यातले जुने: सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. बंगळुरूचं अझीम प्रेमजी फाउंडेशन अलीकडचं. अशा ठिकाणी विषय ठरलेले असतात, काही वेळा राज्यं आणि जिल्हेही ठरलेले असतात. काही फाउंडेशनं वर्षभर अर्ज घेतात, काही ठरावीक काळात मागवतात, आणि काही ठिकाणी स्वतःहून पाठवलेला अर्ज वाचलाच जात नाही, तेच संस्था शोधतात. संकेतस्थळावर हे लिहिलेलं असतं. ते वाचायला अर्धा तास लागतो आणि महिन्याभराची मेहनत वाचते.

दुसरा प्रकार सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की कंपनीने कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच म्हटलं आहे. म्हणून चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा एमआयडीसीजवळ तुमचं काम असेल तर मुंबईतल्या मोठ्या नावांच्या मागे धावण्याआधी शेजारच्या कारखान्यांची यादी करा. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात कशावर खर्च केला हे सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा: कंपनीच्या वतीने सीएसआरचं काम राबवणारी संस्था व्हायचं तर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कामाचा पूर्वानुभव लागतो.

तिसरा प्रकार परदेशी पैशाचा. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि ती मिळवायला साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी असणं आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असणं लागतं. ‘एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेमार्फत घेऊ’ हा मार्ग २०२०च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. परदेशी निधी आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. इथे आपल्याकडे एक गैरसमज फार दिसतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारा आपला माणूस भारतीय पासपोर्टधारक असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ती परदेशी निधीच ठरते. तिकडच्या मराठी मंडळींनी स्थापन केलेल्या संस्थेकडून येणारे पैसेही परदेशी निधीच. देणारा कितीही जवळचा असला तरी पैसे खात्यात येण्याआधी त्याला हे विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

फाउंडेशन निवडलं की त्याचा वार्षिक अहवाल उघडा आणि मागच्या वर्षी ज्यांना पैसे मिळाले त्यांची यादी वाचा. तुमच्याएवढ्या लहान संस्थेला कधी दिलं आहे का? साधारण किती रक्कम दिली? यादीतली एखादी संस्था तुमच्या जिल्ह्यातली असेल तर तिथे जाऊन बसा. चहाच्या एका कपात जे कळतं ते कुठल्याच संकेतस्थळावर मिळत नाही: पैसे वेळेवर येतात का, अहवाल किती मागतात, अडचण आली तर ऐकून घेतात का.

एक सावधगिरी. ‘फंड आणून देतो, दहा टक्के द्या’ असं म्हणणारे सल्लागार भेटतील. टक्केवारीवर काम करणाऱ्याला हात लावू नका. कागद तयार करून देण्याची ठरावीक फी देणं वेगळं, मिळालेल्या अनुदानातला वाटा देणं वेगळं. तो वाटा तुम्ही हिशेबात दाखवणार कुठे? आणि अर्ज घ्यायलाच कोणी पैसे मागत असेल तर तिथून निघा.

पहिलं पत्र आणि दोन पानी टिपण

पहिल्या मेलला दहा फाईली जोडू नका. आठ-दहा ओळी पुरेत: आम्ही कोण, कुठे, कोणासाठी काय करतो, गेल्या वर्षी नेमकं काय झालं, आणि आता कशासाठी साधारण किती रक्कम हवी आहे. सोबत दोन पानी टिपण, ज्याला सगळे कॉन्सेप्ट नोट म्हणतात. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा फोन करा. त्यांना रस वाटला तर ते स्वतःच सविस्तर प्रस्ताव मागतात, बहुधा आपला नमुनाही पाठवतात.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. आधी सगळं मराठीत लिहा आणि गावात प्रत्यक्ष काम करणाऱ्या ताईंना वाचून दाखवा. त्या लगेच सांगतात, ‘हे असं नाही होत हो, मुलं चार वाजता येतातच कुठे, पाचला येतात.’ ही दुरुस्ती इंग्रजी मजकुरावर कधीच झाली नसती. मग इंग्रजी कोणाकडून तरी करून घ्या. हिंदी किंवा मराठीत प्रस्ताव चालेल का, हेही विचारून बघा.

समस्या मांडताना मोठे शब्द टाळा. ‘आमच्या भागात शिक्षणाची स्थिती अत्यंत गंभीर असून ग्रामीण मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी...’ हे वाक्य कुठल्याही तालुक्याला लागू पडतं, म्हणून ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘आमच्या पाच गावांत पहिली ते आठवीची ३१० मुलं आहेत. त्यांतली १२४ मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परत आल्यावर चौथीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक अडखळत वाचावं लागतं. गेल्या हंगामात दोन गावांत आम्ही ४३ मुलांना आजीआजोबांकडे थांबवून संध्याकाळची अभ्यासिका चालवली.’ हे आकडे इथे नमुन्यादाखल आहेत, तुमचे आकडे तुमच्या हजेरीपटातून यायला हवेत. असा एक परिच्छेद लिहिता आला की अर्धा प्रस्ताव झाला. लिहिता येत नसेल तर नोंदी कमी पडताहेत असं समजा आणि आधी महिनाभर घरोघरी फिरून यादी करा.

उद्दिष्टंही हीच कसोटी लावून लिहा. ‘जनजागृती करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ती झाली की नाही हे वर्षाअखेरीला कसं सांगणार? ‘अभ्यासिकेतल्या किमान १५० मुलांना मार्चपर्यंत आपल्या इयत्तेचा परिच्छेद वाचता यावा’ हे मोजता येतं. आणि जे जमणार आहे तेवढंच लिहा. रक्कम मोठी मिळावी म्हणून पाचाची पंधरा गावं केली, तर पुढचं वर्षभर कार्यकर्त्यांची फरफट होते.

बजेट: इथे लाजू नका

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते इथे. आपल्याकडच्या लहान संस्था स्वतःचा खर्च लपवतात. मुलांच्या वह्या मागायला कमीपणा वाटत नाही, पण हिशेब लिहिणाऱ्याचा पगार मागायला वाटतो. ‘समाजकार्यात पगार कसला’ हे वर्षानुवर्षं ऐकून ऐकून आपल्यालाही ते खरं वाटू लागतं. मग कार्यालयाचं भाडं अध्यक्षांच्या खिशातून जातं, ऑडिटची फी दोन वर्षं थकते आणि सगळ्यात चांगली कार्यकर्ती कंटाळून सोडून जाते.

वरचंच उदाहरण घेऊ. पाच गावांत अभ्यासिका, एकूण २५० मुलं, एक वर्ष.

शिक्षिका ५, दरमहा ८,००० रुपये: ४,८०,०००
समन्वयक १, दरमहा २२,०००: २,६४,०००
वह्या-पुस्तकं, लिहायचे फळे, सतरंज्या, दर केंद्राला १५,०००: ७५,०००
समन्वयकाचा दुचाकीचा प्रवास, दरमहा ४,०००: ४८,०००
शिक्षिकांची दोन निवासी प्रशिक्षणं: ५०,०००

बेरीज ९,१७,०००. बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि हाच आकडा पाठवतात. आता उरलेलं लिहू. हिशेबनिसाचा अर्धा वेळ, दरमहा ७,५०० प्रमाणे ९०,०००. कार्यालयाचं भाडं, वीज, इंटरनेट यांतला या कामाचा वाटा ३६,०००. ऑडिटचा वाटा २०,०००. संस्था चालवणाऱ्याचा पाव वेळ, दरमहा ८,००० प्रमाणे ९६,०००. हे झाले आणखी २,४२,०००. म्हणजे खरा खर्च ११,५९,००० रुपये, दर मुलामागे वर्षाला ४,६३६. जो भाग आपण लपवत होतो तो एकूण खर्चाच्या जवळजवळ २१ टक्के निघाला. तो मागितला नाही तरी खर्च व्हायचा थोडाच थांबतो? तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच.

कोणी म्हणेल, ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही.’ हे कंपन्यांचे अधिकारीही कधी कधी सांगतात. कायद्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनीचं अंतर्गत धोरण वेगळं असू शकतं, पण मग ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि त्यावर बोलणी करता येतात. एफसीआरएमध्ये मात्र प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा खरोखर आहे. फाउंडेशनने एखादी बाब कापली तर शांतपणे विचारा की तो खर्च कुठून करायचा. पुष्कळदा थोडं तरी वाढवून मिळतं. नाही मिळालं, तर काम तेवढं कमी करून मागा. पाचाऐवजी चार गावं.

प्रत्येक आकड्यापुढे तो कसा आला हे लिहा. ‘प्रवास: ४८,०००’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘महिन्याला २० फेऱ्या, सरासरी २०० रुपये, १२ महिने’ असं लिहिलं की तपासणारा पुढे सरकतो. स्थानिक लोकांचा वाटाही दाखवा. ग्रामपंचायतीने खोली मोफत दिली असेल, पालक महिन्याला ३० रुपये देत असतील, तर ती रक्कम लहान असली तरी फार मोलाची आहे.

भेट आणि तपासणी

प्रस्ताव आवडला की ड्यू डिलिजन्स, म्हणजे पैसे देण्याआधी संस्थेची बारकाईने तपासणी, सुरू होते. हिशेब पाहणारा वेगळा असतो, काम पाहणारा वेगळा. हिशेबवाला व्हाउचर काढून बघतो, विश्वस्त एकमेकांचे नातेवाईक आहेत का विचारतो, मानधन बँकेतून जातं की रोख, हे पाहतो. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांवर रोख दिले असतील तर आयकरातही तो खर्च अडतो, त्यामुळे ही सवय आजच मोडा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. मुलांबरोबर काम असेल तर बालसंरक्षणाचं लेखी धोरणही मागतात.

काम पाहायला येणाऱ्यांसाठी शाल-श्रीफळ, स्वागतगीत, फुलांच्या पायघड्या यांत वेळ घालवू नका. त्यांच्याकडे दोन-तीन तास असतात, त्यातला पहिला तास सत्कारात गेला तर बघणार काय? नेहमीची अभ्यासिका नेहमीच्या वेळेला चालू ठेवा. हजेरीपट समोर ठेवा, रिकाम्या जागा असतील तर त्यासकट. शिक्षिकेला बोलू द्या. अध्यक्षांनी मध्ये मध्ये तिची वाक्यं पूर्ण करू नयेत. जे जमलं नाही ते विचारलं तर सरळ सांगा. पाहणारी माणसं अनेक संस्था फिरलेली असतात, सगळं छान चाललंय असं ऐकलं की त्यांनाच शंका येते.

करारावर सही करण्याआधी

मंजुरीचं पत्र आलं की आनंदात सही होते. आधी करार पूर्ण वाचा. हप्ते किती आणि कोणत्या अटीवर? अहवाल किती महिन्यांनी? बजेटच्या एका बाबीतले पैसे दुसरीकडे वळवायला किती टक्क्यांपर्यंत मुभा आहे? उरलेली रक्कम परत करायची का? मुलांचे फोटो ते कुठे वापरणार? खटकलेला मुद्दा सहीच्या आधी बदलून मागता येतो.

हप्त्याच्या तारखेकडे विशेष लक्ष द्या. बारा-एच्या सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच आर्थिक वर्षात खर्च व्हावा लागतो. हप्ता २५ मार्चला आला तर तो खर्च करणार कधी? पुढच्या वर्षी खर्च करायची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी मुदतीत अर्ज भरावा लागतो. म्हणून मार्चमध्ये पैसे येणार असं दिसलं की त्याच दिवशी सीएला कळवा.

पैसे आले की या अनुदानाचं लेजर वेगळं ठेवा आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव लिहा. मग विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायच्या वेळी रात्री जागवाव्या लागत नाहीत. अडचण आली, जसं की हंगाम लांबला आणि मुलं उशिरा परतली, तर ती अहवालाची वाट न पाहता लगेच कळवा.

नकार आला तरी पत्रव्यवहार सोडू नका. आभार मानून एकच प्रश्न विचारा: विषय जुळला नाही, की आमच्या तयारीत काही कमी होतं? सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्याकडून पुढच्या अर्जाला उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागतं. सहा महिन्यांनी त्यांना एक पानी प्रगतिपत्र पाठवा, काही न मागता. आणि अनुदान मिळालं असेल, तर दुसऱ्या वर्षाची बोलणी शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मुदत मार्चला संपत असेल तर डिसेंबरमध्येच विषय काढा, म्हणजे एप्रिलचं मानधन थांबणार नाही.